उसन्या भाषेतलं भांडण

आत्या, डाव तुमच्यावर होता.

रविवारी सकाळी न्हाणीच्या दगडावर धुणं आपटता आपटता मी माझं म्हणणं मांडलं. तुम्ही तोंड उघडलंत, मिटलंत, पदर सारखा केलात आणि कानडीत एवढंच म्हणालात, "नाळे." म्हणजे उद्या. उत्तर उद्या देते. आणि सोमवारी दुपारी जेवून, ताट घासून पालथं घालून, जरा पाठ टेकते म्हणून आडव्या झालात त्या उठलाच नाहीत. आता मला सांगा, ही काय रीत झाली? सात वर्षं भांडलो आपण सासू-सुना, पण अर्धं भांडण टाकून उठून गेलंय कुणी? नियम तुम्हीच केलात आणि मोडलात तोही तुम्हीच. निदान आज दुपारपर्यंत मी हेच धरून बसले होते.

आज तुमच्या जलदानाचा कार्यक्रम झाला. माणसं जेवून गेली. अंगणात मांडववाला खुर्च्या एकात एक घालतोय, तुमची नात यशू त्याला मदत करते म्हणून त्याचं काम वाढवून ठेवतेय, आणि मी समोरच्या हसीना चाचीच्या दुकानातली कोरी वही घेऊन बसलेय. लिहिताना मला पुस्तकातली मराठी येते. भांडताना तुमची येते. रडताना कुठली येते ते या पाच दिवसांत नीटसं कळलं नाही, बहुतेक कानडीच असावी.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार. तुम्ही मला कधी पहिल्यापासून बोलू दिलंय? निम्म्यातच तोडायच्या. आज तोडून दाखवा.

मी गुलबर्ग्याची. एकोणीस वर्षांची असताना लग्न होऊन पळसदेवला आले. स्थळ तुमच्या भावानं आणलं. रेल्वेतले मामा, वाडी जंक्शनला नोकरी, तिथं माझ्या अप्पांशी त्यांची ओळख. आपल्यातलं बौद्ध घर, उजनीच्या पाण्यावर भिजणारं रान, मुलगा माळेगावच्या कारखान्यात फिटर. सगळं बघितलं, भाषेचं तेवढं कुणी बघितलं नाही. "येईल की हळूहळू," असं दोन्हीकडचे म्हणाले. मिलिंद माझ्याशी हिंदीत बोलायचे, तेही सिनेमातल्या. चौथ्या दिवशी ऊस चालू झाला म्हणून कारखान्यावर गेले, ते मग आठवड्यातून एक दिवस यायचे. घरात उरलो आपण दोघी. तुम्हाला कानडी येत नव्हती, मला मराठी. गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा मराठी कळायची, मलाच तेवढी नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावलीत आणि हात जोडून त्रिसरण म्हणायला लागलात. माझ्या तोंडून आपोआप पुढचं आलं. तुम्ही एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलंत. हिला येतंय की! मग पंचशील झालं, दोघींचा आवाज एकदम, कुठं अडलं नाही. पाली ना तुमच्या आईची भाषा ना माझ्या, पण त्या घरात आपल्याला एकत्र येत होतं ते तेवढंच. संपल्यावर आपण नुसत्या उभ्या राहिलो. पुढं काय बोलणार? तुम्ही हातानं खूण केलीत, परत म्हणू या का? आणि आपण सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मला फार हसू आलं होतं, पण नवी नवरी, हसायचं कसं म्हणून दाबून धरलं.

त्यानंतरचे दोन-तीन महिने मी मुकी होते. अगदी खरं सांगते, माझा आवाज मलाच परका वाटायला लागला होता. हातपंपावर गेले की बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, "मिल्याची कानडी आली बघ." पोरं मागनं "यंडुगुंडू, यंडुगुंडू" करत यायची. मी पाणी भरायची आणि खाली बघत घरी यायची. तुम्ही काय काय विचारायच्या, मी मान हलवायची. कधी हो म्हणून, कधी नाही म्हणून, अंदाजानं. एकदा मी अशीच मान हलवली आणि तुम्ही अख्खं दूध दह्याला लावलंत.

मग भाकरीवरून ते झालं. आमच्याकडं ज्वारीची रोटी पातळ करतात, वाळवून कडक, महिनाभर टिकणारी. मी हौसेनं दुरडीभर करून ठेवल्या. तुम्ही रानातून आलात, एक उचललीत, मोडलीत. कटकन आवाज झाला. तुम्ही जे काही म्हणालात त्यातला "पापड" एवढाच शब्द मला कळला, पण तेवढा पुरला. महिन्या-महिन्यांचं तुंबलेलं होतं माझं. मी जी सुटले! गुलबर्ग्याच्या आमच्या गल्लीत ऐकलेलं सगळं बाहेर काढलं. तुम्हीही कमरेला हात लावून उभ्या राहिलात. तुम्ही मराठीत, मी कानडीत, दोघी एकदम, अर्धा तास. दारात माणसं जमली. समोरच्या किराणा दुकानातून हसीना चाची हातातला तराजू तसाच धरून आली आणि म्हणाली, "अगं, दोघी काय म्हणताय ते दोघींना तरी कळतंय का?"

तुम्ही एकदम थांबलात. चाचीकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत.

"न्हाय की गं हसीना," तुम्ही म्हणालात. "आर्धा तास झाला मी हिला निवडून निवडून बोलतीया आन हिला एक बी लागंना. समदं वाया गेलं बघ."

हे मला नंतर चाचीनं हिंदीत सांगितलं. लोकांना वाटतं, चाची म्हणजे उर्दू बोलत असेल. चाची घरात मराठी, दुकानात मराठी. तिचं हिंदी मिलिंदच्या हिंदीपेक्षाही लंगडं. पण तुम्ही दुसऱ्या दिवशी तिलाच मधे बसवून नियम घातलात. भांडायचं तर समोरचीच्या भाषेत. म्हणजे तुम्ही कानडीत, मी मराठीत. जिचे शब्द संपतील तिनं उठायचं आणि चहा टाकायचा. चहा टाकला की भांडण मिटलं, मागचं उकरून काढायचं नाही. आणि उत्तर सुचत नसेल तर एका दिवसाची मुदत मागता येईल, पण एकाच. चाचीनं हे सगळं मला समजावलं आणि वर तुम्हाला म्हणाली, "अक्का, तुला कानडी शिकायची तर नीट शीक की, भांडून कशाला?"

"नीट शिकाया माज्याकडं टाइम न्हाय," तुम्ही म्हणालात. "भांडाण तर रोज हुतंयच की."

बघा आता, कुणाला सुचलं असतं हे? तुम्ही शाळेत गेला नव्हता. सही म्हणून अंगठा. आणि पन्नाशी उलटल्यावर एक अख्खी भाषा शिकायला निघालात, का तर सुनेला नीट टोचून बोलता यावं म्हणून.

पहिला महिना आपण नुसता चहा पीत होतो. मी "तुम्ही" म्हणायची आणि संपायचं माझं, उठून चहा. तुम्ही "इल्ल, इल्ल", म्हणजे नाही, नाही, करायच्या आणि उठायच्या. मग तुमची ती सकाळची गोड चौकशी चालू झाली. मी भाकऱ्या थापायला बसले की तुम्ही शेजारी येऊन शेंगा निवडत अगदी मायेनं विचारायच्या, "शांते, आळशी बाईला तुमच्यात काय म्हणत्यात गं?" मी सांगायची, सोमारी. "आन गबाळी?" तेही सांगायची. "आन हिला किती बी सांगा, हिच्या टकुऱ्यात शिरत न्हाय, आसं म्हणायचं आसंल तर?" मला कळायचं की आज दुपारी आपलं काही खरं नाही. ज्या काठीनं मार खायचा तीच आपण तासून द्यायची! पण मीही काही कमी नव्हते. मी चाचीकडं जाऊन "आगाऊ", "नुसती तालेवारी" आणि "कुणाला सांगताय" एवढं पाठ करून यायची.

तुमची हौस तर अशी की एका हंगामात विजापूरकडची ऊसतोडीची टोळी आपल्या रानाच्या कडेला उतरली होती, तिथं जाऊन तुम्ही उगीच त्यांच्या बैलांवरून भांडण काढलंत. बैल आपल्या बांधाला शिवलेसुद्धा नव्हते. टोळीतली म्हातारी बिचारी हात जोडायला लागली, तेव्हा तुम्ही तिला बसवलंत, चहा पाजलात आणि मला खुशीत येऊन सांगितलंत, "समदं कळलं तिला! एक शबुद बी अडला न्हाय." त्या म्हातारीला काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

एकच शब्द तुम्ही भांडणाशिवाय विचारलात. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं होतं, जुन्या गावाचं देऊळ उघडं पडलं होतं. तुम्ही मला चिखल तुडवत तिकडं नेलंत. देवळाच्या अलीकडं, वाळलेल्या शेवाळात, चार-पाच दगड होते. तुम्ही म्हणालात, "हितं चूल व्हती. हितं मिलिंद रांगला. धरणाचं पानी आलं तवा आमी डोक्यावर भांडी घिऊन वर गेलो, आन म्या मागं वळून बगितलं तर दारातली शेळीची दावण तशीच व्हती." मराठीतली मला सगळीच्या सगळी कळलेली ती पहिली गोष्ट. मग तुम्ही त्या दगडावर उभं राहून विचारलंत, "घराला काय म्हणत्यात तुमच्यात?" मी सांगितलं, मने. तुम्ही एकदाच म्हणालात, मने, आणि खाली उतरलात. तो शब्द तुम्ही पुढं कुठल्याही भांडणात वापरला नाहीत, ते मी ध्यानात ठेवलंय.

पण भांडून शिकलेल्या भाषेचं एक असतं, तीत भांडणच येतं. ते कळलं माझ्या भावाच्या लग्नात. तुम्ही पहिल्यांदा गुलबर्ग्याला आलात, नवं लुगडं नेसून, रेल्वेत वाटभर पुटपुटत. मला वाटलं, विहीणबाईंशी बोलायची चांगली तयारी चाललीय. अव्वा, म्हणजे माझी आई, लग्नाच्या धावपळीत सकाळपासून उपाशी होती. तुम्ही उंबऱ्यातून आत आलात, तिचा उतरलेला चेहरा बघितलात, तुम्हाला मनापासून विचारायचं होतं की अहो विहीणबाई, दोन घास खाल्ले का? आणि तोंडून निघालं ते, एक हात कमरेवर ठेवून, "ऊटा माडिल्ल? निनग बुद्धी इल्ल!" जेवली नाहीस? तुला अक्कल नाही! सगळ्या पाहुण्यांसमोर. माझ्या आईला, अगं-तुगं करून. अप्पांनी हातातला पानाचा विडा खाली ठेवला. पण अव्वा अशी हसली, अशी हसली, की डोळे पुसत पुसत तुमचा हात धरून तुम्हाला आत नेलं आणि तुमच्या ताटाला ताट लावून जेवली. नंतर ती मला म्हणाली, एवढ्या लोकांत मला जेवलीस का म्हणून विचारणारी ती एकटीच.

तुम्हाला हसायला माझी तरी काय बिशाद? माझंही तेच झालं. अंगणवाडी सेविकेची जागा निघाली, इंदापूरच्या एका कचेरीत मुलाखत होती. मी मॅट्रिक, शाळेत हिंदी होतं म्हणून अक्षरं ओळखीची, मराठी वाचायला शिकले होते. वाचताना ठीक. पण साहेबांनी विचारलं, "समजा, एखादी आई पोराला लस टोचायला आणत नाही. तुम्ही तिला कसं समजावाल?" आता समजवायची मराठी मला कुणी शिकवलेली? माझ्याकडं एकच मराठी, तुमची. मी म्हणाले, "समजवायचं काय त्यात? दारात जाऊन हुबी ऱ्हाईन. म्हनंन, बया, पोरगं काय तुज्या एकटीचं हाय व्हय? उद्या ताप आला मंग कुनाच्या नावानं बोंबलशील? उचल पोरगं, न्हायतर मी उचलते!" समोरच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बास बास, पोचलं. ह्या बाई एक पोर घरी राहू द्यायच्या नाहीत."

जागा मिळाली. पण व्हरांड्यात आले तर दोन कारकून माझे कानडी हेल काढून तेच वाक्य परत म्हणत होते आणि हसत होते. वाईट माणसं नसतील. पण हातपंपावरची पोरं मोठी होऊन तिथं बसलीत असं मला वाटलं. नोकरीचा कागद माझ्या पिशवीत होता आणि घरी मी ते हसणं घेऊन आले. तुम्हाला सांगताना रडले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि खांदा उडवून कानडीत म्हणालात, "नगली. नौकरी निंदु." हसू देत. नोकरी तुझी. एवढं बोलून तुम्ही शेजारपाजारी पेढे वाटायला गेलात. तुमच्यासाठी ते संपलं, माझ्यासाठी नाही संपलं.

म्हणून यशू झाली तेव्हा मी मनाशी ठरवलं की हिच्या कानावर कानडीचा शब्द पडू द्यायचा नाही. पाळण्यापासून मराठी. तीही नीट, पुस्तकातली. आणि यावरून तुम्ही माझ्याशी जे भांडण धरलंत ते तीन वर्षं चाललं. किती कप चहा झाला असेल त्यावर! आणि भांडण तरी कसलं, आत्या. तुम्ही कानडीत कानडीची बाजू घेताय, मी मराठीत मराठीची. सासू सुनेच्या भाषेसाठी भांडतेय आणि सून सासूच्या. चाची दुकानातून ओरडायची, "अगं, दोघींचं एकमेकींना देऊन टाका आन गप बसा."

हायवेवरच्या एसटीडी बूथमधून महिन्यातून एकदा अव्वाला फोन लावायचो. यशूच्या कानाला फोन लावला की पलीकडून अव्वा बोलायची, बोलायची, आणि यशू नुसता श्वास घ्यायची. मीटरचे लाल आकडे पळत राहायचे. अव्वा मग मला विचारायची, पोरगी मुकी आहे का गं? एकदा तुम्ही माझ्या हातातून फोन ओढून घेतलात आणि अव्वाला दरडावून सांगितलंत की पोरगी शहाणी आहे, तिची आई बिनडोक आहे. तेही शुद्ध कानडीत. बूथवाल्यालासुद्धा कळलं असेल इतक्या मोठ्यानं.

घरी येताना वळणावर थांबून म्हणालात, कानडीतच, की आमचं गाव सरकारनं पाण्यात घातलं, आमचा इलाज नव्हता. तुझं तू तुझ्या हातानं घालतेयस. त्या दिवशी चहा मी टाकला. पण यशूशी बोलले मराठीतच.

आणि हा गेला रविवार. न्हाणीपाशी तुम्ही पुन्हा तोच विषय काढलात. मी पिळा दगडावर आपटला आणि म्हणाले, "आत्या, मला हसले ते मी गिळलं. माझ्या पोरीला कानडीची पोर म्हणून कुणी हसलं तर? ते मला सोसायचं नाही. तिला एकच भाषा असू दे, म्हणजे तिची आई कुठली ते कुणाला कळायचं कारण नाही." तुम्ही तोंड उघडलंत, मिटलंत, पदर सारखा केलात. नाळे.

पाच दिवस मी त्या एका वाक्याशी झटतेय. तुमच्याच घरात, तुमच्या तोंडावर मी म्हणाले की माझी आई, माझं गाव, माझी बोली लपवायची गोष्ट आहे. आणि कुणाला म्हणाले? जिनं पन्नाशीनंतर ती बोली शिकली तिला. माझ्या वाक्यानं तुम्हाला लागलं का, हे विचारायचं राहिलं. आणि राहिलं ते एवढंच नाही. सात वर्षांत आपण एकमेकींना आळशी, गबाळी, आगाऊ, हट्टी सगळ्याचे शब्द दिले, पण "माया"ला आमच्यात काय म्हणतात ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि मीही आपणहून सांगितलं नाही. भांडणात त्याचा उपयोग नव्हता. मी मुकी होते, आत्या. तुम्ही मला भांडून भांडून बोलतं केलंत. आज माझ्या अंगणवाडीत तीस पोरं माझ्या मागनं मराठी म्हणतात, आणि त्यांच्या तोंडातलं निम्मं तुमचं आहे. हे मी तुमच्या जिवंतपणी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हे कानडीत सांगू नको, मराठीत भांड.

तर आज. अव्वा आणि भाऊ सकाळच्या गाडीनं आले. अव्वा बायकांत बसली. वंदना चालू झाली तेव्हा सगळ्यांबरोबर तिचाही आवाज लागला, कुठं अडला नाही, आणि मला आपली ती पहिली संध्याकाळ आठवली. पण वंदना संपली आणि अव्वा पुन्हा मुकी झाली. बाया येऊन तिच्याकडं बघून मान हलवायच्या, ती मान हलवायची. भिंतीला टेकून बसली होती, समोर ताट वाढलेलं, घासाला हात लावलेला नाही. मी वाढत होते. तिच्याजवळ बसले असते तर मला उठता आलं नसतं, म्हणून मुद्दाम लांबून वाढत होते.

तेवढ्यात यशू आली. अव्वापुढं उभी राहिली. एक हात कमरेवर. मान जराशी वाकडी, तुमची असायची तशीच. आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऊटा माडिल्ल? निनग बुद्धी इल्ल!"

अव्वानं आधी दाराकडं बघितलं. शप्पथ सांगते, आधी दाराकडं. मग यशूला ओढून मांडीवर घेतलं आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि रडत रडत तिच्या हातून घास खाल्ला. यशू थांबेना. पाणी हवं का, पुरे का, हात धू, इकडे बस, सगळं कानडीत, आणि सगळं दरडावून. पळसदेवचा हेल लावलेली भांडकुदळ कानडी. अव्वानं मला हाक मारली आणि विचारलं, "ही कुणाची कानडी बोलते गं? असली कानडी मी जन्मात एकाच बाईच्या तोंडून ऐकलीय."

मी वाढायचं भांडं खाली ठेवलं आणि यशूपुढं बसले. "कुणी शिकवलं तुला?"

"आजीनं. तू दुपारी घरोघरी जातीस तवा."

"मला का नाही सांगितलंस?"

"आजी म्हनली, आईला सांगायचं न्हाय. आईला हरवायचंय."

बघा! मी लोकांच्या दारात जाऊन पोरांची वजनं घेत होते आणि इकडं माझ्याच घरात हा उद्योग चालला होता. मला राग आला होता, खरंच आला होता. आणि मग मी तेच विचारलं जे तुम्हाला रविवारी विचारलं होतं. माझा आवाज जरा वरच गेला असेल. "आणि कुणी हसलं म्हणजे गं? कानडी म्हणून हसलं तर काय करशील?"

यशूनं अव्वाच्या ताटातला भाताचा गोळा उचलला, तोंडात घातला आणि खांदा उडवला.

"नगली," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. मिटलं. पदर सारखा केला. मराठीत काही सुचलं नाही, कानडीत तर नाहीच. मांडवातल्या सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या, हसीना चाची तर तोंडावर हात धरून. मग मी उठले, आत्या, आणि चहा टाकला.